एकोणीस बदल्या

आमच्या मास्तरांना मत मागता येत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. माणूस मागायला गेला की जरा वाकतो, चार शब्द गोड बोलतो. हे कुणाच्या ओट्यावर चढले की पहिला प्रश्न, "तुझी पोरगी शाळेत का दिसत नाही रे?" समोरचा बिचारा हात जोडून उभा, मत त्याच्याकडे, आणि डोळे वटारताहेत हे! लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती माझ्या. नाना तऱ्हा पाहिल्या होत्या यांच्या, पण असला उमेदवार बाई मी पाहिला नव्हता.

साल होतं एकोणीसशे पस्तीस. त्याच जूनमध्ये मास्तर जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाच्या नोकरीतून मोकळे झाले होते. पंचावन्न पूर्ण झाली, शाळेनं नारळ-शेला दिला, संपलं. सगळी हयात मराठी शाळेत मास्तरकी, आणि त्यातली अठरा वर्षं तालुक्याच्या शिक्षक संघाचे अध्यक्ष. संघ म्हणजे काय ते मला विचारा. संघ म्हणजे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ओसरीत तीस टोप्या, ओट्याखाली तीस जोडे आणि माझ्या चुलीवर चहाचं पातेलं. कुण्या मास्तराला पाटलानं शाळेतून हुसकलं, जा झुलाल मास्तरांकडे. कुणाची बायको दिवसांत आणि हातात बदलीचा हुकूम, जा झुलाल मास्तरांकडे. हे अर्ज लिहायचे, चार जणांना घेऊन बोर्डाच्या कचेरीत जायचे आणि ताठ उभं राहून सांगायचे, की साहेब, हे बरोबर नाही.

बोर्डाचं उत्तर ठरलेलं असायचं. यांचीच बदली.

चेअरमन होते रुपचंद नाना. दोनशे बिघ्यांचे मालक, बोलायला असे मऊ की लोणी परवडलं. आवाज कधी चढायचा नाही. "मास्तर, तुमच्यासारख्या माणसाची चिंचखेड्याला फार गरज आहे हो," एवढंच म्हणायचे, आणि आठ दिवसांत आम्ही चिंचखेड्याच्या वाटेला. तालुक्याबाहेर मात्र नाना यांना धाडायचे नाहीत. तिकडं गेले तर तिकडचे मास्तरही गोळा करतील ही धास्ती. म्हणून मग तालुक्यातल्या तालुक्यातच गरागरा फिरवलं. एकोणीस बदल्या! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान जातं तरी उचलावं लागत नाही. मी प्रत्येक गावात परसात गिलक्याचा वेल लावायची. वेल मांडवावर चढायचा, पहिलं फूल यायचं आणि दाराशी गाडी उभी राहायची. एकोणीस मास्तरणींनी माझी गिलकी खाल्ली असतील. पचली असतील त्यांना, असो.

तर नोकरी सुटली आणि आम्ही धुळ्याजवळ देवपुरात, पांझरा नदीच्या या अंगाला, तीन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. मातीचं का असेना, आता कुणाचा हुकूम येणार नव्हता. मी म्हटलं, चला, सुटलो. तर दिवाळी सरली आणि संघाचा सेक्रेटरी वना मास्तर पाच-सहा जणांना घेऊन आला. तरणा, काटकुळा मुलगा, बोलताना टोपी काढून हातात फिरवायचा.

"मास्तर, नोकरीत होता तोवर तुम्हाला बोर्डाला उभं राहता येत नव्हतं. आता कोण अडवतंय? आमच्यातला एक तरी माणूस आत पाहिजे."

मी दाराआडून म्हटलं, "मी अडवतेय!" सगळे हसले. हेही हसले. मला वाटलं, मोडता घातला. दुसऱ्या दिवशी कळलं, अर्ज भरून आलेत.

आता माझी लेक. सुनंदा. जावई तापानं गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची आणि तिच्या ओटीत दोन महिन्यांची प्रमिला. लोक म्हणाले, झालं, आता पोरीनं कोपऱ्यात बसायचं. हे गेले, लेकीला आणि नातीला घरी घेऊन आले, समोर बसवून अभ्यास घेतला, फायनल पास करवली, ट्रेनिंग करवलं. देवपुरातल्याच मुलींच्या शाळेत ती लागली. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टीत ती जेवायला घरी यायची, चार वर्षांची प्रमिला तिच्या पदराला धरून परत सोडायला जायची. त्या दोघींना रस्त्यानं जाताना बघितलं की एकोणीस बदल्यांचा शीण उतरायचा माझा. देवाकडे दुसरं काही मागणं नव्हतं.

यांनी अर्ज भरला त्याच्या आठव्या दिवशी सुनंदाच्या नावानं हुकूम आला. बदली. गाव आंबेबारी. जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. अर्धा दिवस मोटार आणि पुढं अर्धा दिवस बैलगाडी.

हुकमाच्या मागोमाग रतिलालभाऊ आले. जिनिंगवाले, नानांचा उजवा हात आणि मास्तरांविरुद्ध उभे राहिलेले उमेदवारही तेच. नाना स्वतः दुसऱ्या भागातून बिनविरोध निवडून यायचे होते, त्यांना कसली चिंता! रतिलालभाऊ ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि सहज म्हणाले, "अर्ज मागं घ्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे, मास्तर. तो हुकूमसुद्धा शनिवारपर्यंत कच्चाच समजा."

लपवून ठेवत नाही, मी त्याच घटकेला बोलले, "घ्या मागं! ताबडतोब घ्या! तुमच्या संघापायी मी रानोमाळ फिरले, आता माझ्या लेकीनं फिरायचं?" रतिलालभाऊ खाली मान घालून मिशीत हसत होते. सुनंदा शाळेतून आली तेव्हा मास्तरांनी हुकूम तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं."

तिनं उभ्या उभ्या वाचला. माझी लेक, पण बापाचा साचा. म्हणाली, "आबा, आंबेबारीला मुलींची शाळाच नाही. मला मुलांच्या शाळेत टाकलंय."

"म्हणजे जायची गरजच नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तिथं मुली शिकतात की नाही, हे आजवर कुणी बघितलेलं नाही. मी बघते. आणि आबा, अर्ज मागं घ्यायचा नाही. तुम्ही मागं घेतलात तर ही युक्ती लागू पडते असं नाना समजतील, आणि पुढच्या वेळी वना मास्तरांच्या शाळेत लागलेल्या बहिणीला धाडतील."

बोला आता! मी दोघांनाही तोंडाला येईल ते बोलले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. दोघंही ऐकत राहिली, बिचारी नव्हे, निगरगट्ट! शेवटी मीच ज्वारीचे बिबडे बांधले, कळण्याच्या भाकरीचं पीठ बांधलं, ठेच्याची बरणी बांधली. मोटार सुटताना प्रमिला खिडकीतून हात हलवत राहिली. ती दिसेनाशी होईस्तोवर मी पुलावर उभी होते. घरी येऊन चार दिवस यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायची, पाट मांडायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. आमटीत मीठ नव्हतं एक दिवस, तरी यांनी निमूटपणे खाल्ली.

पाचव्या दिवशी मी गाडीत जाऊन बसले. हे प्रचाराला निघाले होते, वना मास्तरांनी कुणाची तरी बैलगाडी आणली होती.

"तू कुठं?" यांनी विचारलं.

"लेक घालवलीत ना? आता निवडून तर याच. बोर्डात बसा आणि माझी लेक परत आणा. मी बघते कसे येत नाही ते!"

हे चिडून म्हणाले, "ती वेगळी गोष्ट आहे." मी म्हटलं, "हाका गाडी."

पहिलं गाव चिंचखेडं. पाटलाच्या ओट्यावर माणसं जमली. आता दोन शब्द बोलायचे, आपलं काम सांगायचं, हात जोडायचे. यांनी काय करावं? समोर पंचेचाळीसचा बाप्या बसलेला, सुकदेव नावाचा, एके काळी यांच्या रात्रीच्या वर्गाला येणारा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. त्याला म्हणाले, "सुकदेव, साडेतिनाचा पाढा." आणि तो घोडा उभा राहिला की हो! हात मागं बांधून पाढा म्हणायला लागला. सातावर अडखळला. यांनी मान हलवली. लोकांनी माना खाली घातल्या, आपला नंबर येऊ नये म्हणून. वना मास्तर कपाळाला हात लावून बसला.

मी म्हटलं, असं चाललं तर झालंच कल्याण. मी उठले आणि सरळ माजघरात गेले. चिंचखेड्यात आम्ही सव्वा वर्ष होतो. सुकदेवची बायको तिथंच बाळंत झाली होती, शेक-शेगडी मी केली होती. ती मला बघून चुलीपासून उठलीच. "वं माय, अक्का!" म्हणून गळ्यात पडली. मग शेजारणी आल्या. भरीत झालं, भाकरी झाली, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची सासू गेली, सगळं झालं. मी मत मागितलं नाही. एवढंच सांगितलं, की सुनंदाची बदली कुठं केली आणि का केली. चिंचखेड्यात सुनंदा सात वर्षांची होती, त्यांच्या पोरींबरोबर फुगडी खेळलेली. सुकदेवच्या बायकोनं ओट्याकडं तोंड करून आवाज दिला, "आयकं का? मास्तरनी पोरले डोंगरमा धाडी दिन्हं त्या नानानी!"

बाहेर येऊन बघते तर सुकदेव यांच्यासमोर उभाच. आपला उजवा कान धरून दाखवत होता.

"मना हाऊ कान तुम्हीच धरेल शे, मास्तर. मत दुसराले कसं देसू?"

गाडीत बसल्यावर मी वना मास्तरांना विचारलं, "आता पुढं कुठं?" तो म्हणाला, "हिंगणवाडी." तिथं आम्ही दोन वर्षं होतो. मग? टाकळी. तिथं अकरा महिने. मग बोरविहीर, मग नवं गाव, मग पिंपरी. प्रत्येक गावात यांनी कान धरलेला कुणी ना कुणी होता, आणि माझी कुणी ना कुणी मैत्रीण होती. मी बोटांवर गावं मोजायला लागले आणि मला एकदम हसूच फुटलं. अहो, रुपचंद नानांनी शिक्षा म्हणून आम्हाला तालुकाभर हिंडवलं होतं! आम्हाला एका गावात सुखानं राहू दिलं असतं, तर त्या एका गावापलीकडं मास्तरांना कुत्रं ओळखत नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी हे यांना सांगितलं. हे विचारात पडले आणि म्हणाले, "सुकदेवचा पाढा सातावर का अडला असेल? शिकवताना माझंच काहीतरी चुकलं."

मतदानाच्या दिवशी मी हिंगणवाडीला होते. शाळेच्या आवारात लिंबाखाली आम्ही बायका बसलो होतो. रीत अशी होती, की ज्याला वाचता येतं त्यानं कागद घेऊन कोपऱ्यात जायचं आणि आपल्या माणसाच्या नावापुढं फुली करायची. ज्याला येत नाही त्यानं मतदान घेणाऱ्या साहेबांच्या कानात नाव सांगायचं, साहेब फुली करतात. रतिलालभाऊंचा हिशेब साधा होता. शेतकरी माणसं, कसली वाचतात! साहेबासमोर, गावच्या पाटलासमोर तोंड उघडायचं म्हटलं की भिऊन नानांच्याच माणसाचं नाव घेतील.

पण यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाला "तुला वाचता येतं का?" असं विचारणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. दुसरी पास असो की तिसरी नापास, जो तो कागद ओढून घेत होता. "माले येस वाचता!" आणि मग ऐकावं ते नवल. यांची शिकवायची पद्धत काय, तर बोट ओळीखाली ठेवायचं, मोठ्यानं वाचायचं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, मध्येच सोडायचं नाही. तसंच सुरू झालं! कोपऱ्यातून खणखणीत आवाज, "र-ति-लाल, राहणार धुळे, धंदा जि-निं-ग..." मग दुसरं नाव, कुण्या हौशी वकिलाचं. मग "झु-लाल, राहणार दे-व-पू-र, पेन्शनर शि-क्ष-क." आम्हाला लिंबाखाली सगळं ऐकू येत होतं. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

तेवढ्यात रतिलालभाऊंचा माणूस ताडकन उठला. "साहेब, मत गुप्त पाहिजे! हे लोक बोंबलताहेत. ही सगळी मतं बाद करा."

साहेबांनी मतदान थांबवलं. आवारात दीडशे माणूस उभं. माझा जीव टांगणीला. मनात आलं, अहो, जन्मभर शिकवलंत, तेच आता नडणार. आंबेबारीच्या शाळेत पोरांच्या घोळक्यात उभी असलेली सुनंदा माझ्या डोळ्यांपुढं आली. हिंगणवाडीची मतं गेली तर निवडणूक गेली, आणि निवडणूक गेली तर लेक गेली.

साहेब पोक्त होते. ते म्हणाले, "पुढचा येऊ द्या, मी ऐकतो." पुढचा आला, कागद घेतला, बोट ठेवलं, तिन्ही नावं सारख्याच आवाजात वाचली, एक अक्षर सोडलं नाही. मग गप्प झाला, खाली वाकला, फुली केली, घडी घालून पेटीत टाकली.

"यानं मत कुणाला दिलं?" साहेबांनी रतिलालभाऊंच्या माणसाला विचारलं.

"ते कसं कळणार? त्यानं तिघांचीही नावं घेतली."

"मग गुप्तच आहे की हो," साहेब म्हणाले. "बसा खाली."

असा हशा पिकला, की लिंबावरचे कावळे उडाले. पण वाचायला वेळ लागतो हो एवढा! दिवस कलला तरी रांग संपेना. साहेबांनी आवारात असलेल्या सगळ्यांची मतं घेतली, तेव्हा कुठं पेटीला लाखेची मोहर लागली.

दोनशे बारा मतांनी निवडून आले आमचे मास्तर. गळ्यात झेंडूचा हार घालून घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "भूक लागलीय." मी म्हटलं, "आधी सुनंदाचं." हे म्हणाले, "बोर्ड बसू दे." मी ताट वाढलं, पण मला त्यांचा आवाज काही खरा वाटला नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता. ओसरीत संघाची सगळी मंडळी जमलेली. आनंद तर होताच, पण वना मास्तरांच्या हातात एक यादी होती. मास्तरांच्या प्रचारात ज्यांनी ज्यांनी पाऊल उचललं, त्या सगळ्यांच्या नावानं नानांनी मधल्या दिवसांत बदलीचे हुकूम काढले होते. खुद्द वना मास्तरांची बायको आठव्या महिन्यात, टाकळीला एकटी, आणि त्याला धाडलं दुसऱ्या टोकाला. नवा चेअरमन निवडायला आठ दिवस होते, तोवर कारभार नानांचाच. आणि गंमत अशी, की नव्या मेंबरांत नानांचे सात, त्यांच्या विरुद्धचे सात आणि पंधरावे आमचे मास्तर. हे सगळ्यांना ठाऊक होतं. नानांना तर आधी.

नाना स्वतः आले. बरोबर पेढ्यांची पुडी. सगळ्यांना नमस्कार, सगळ्यांची विचारपूस. मास्तरांच्या शेजारी बसले, पान लावलं आणि खिशातून एक कागद काढला.

"मास्तर, झालं गेलं पांझरेला मिळालं. सुनंदाबाईंचा हुकूम मी माझ्या सहीनं रद्द केलाय. उद्या माणूस पाठवा, परवा लेक घरी. मला काही नको बरं का. आपण आता एकाच बोर्डातले."

वना मास्तरांनी यादीची घडी केली आणि खिशात ठेवायला लागला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी दाराशी चहाचं तबक घेऊन उभी होते. माझी नजर यांच्या हातावर होती. खडूनं भेगाळलेला हात, छत्तीस वर्षं ओळखीचा. तो मांडीवरून उठला.

मी तबक खाली ठेवलं आणि बाहेर गेले. पुरुषांच्या बैठकीत चहापाण्याखेरीज मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. यांचा हात पोचायच्या आधी मी नानांच्या हातातून कागद घेतला.

वाचायला मलाही यांनीच शिकवलेलं. मी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. खोटं नव्हतं काही. गाव देवपूर लिहिलं होतं, शाळा मुलींची लिहिली होती, सुनंदाचं नाव लिहिलं होतं. तो कागद कनवटीला लावावा आणि तशीच मोटार स्टँडवर पळत सुटावं, असं मला वाटलं. देवाशपथ वाटलं. प्रमिलेला पाहून सत्तेचाळीस दिवस झाले होते.

"वना मास्तर," मी म्हटलं, "तुमच्या यादीत नावं किती?"

"एकोणतीस, अक्का."

"सुनंदाचं धरून?"

तो घुटमळला. "ताईंचं नाही लिहिलं. मास्तरच म्हणाले, घरचं नाव नको."

"तिसावं लिहा. ती पण मास्तरीणच आहे." मग मी नानांकडं वळले. "नाना, एकोणतीस कागद घेऊन या. मग हा तिसावा मी ठेवून घेईन आणि तुम्हाला पुरणपोळी वाढीन. तोवर हा तुमच्यापाशीच राहू द्या. चहा घ्या, निवतोय."

नानांनी कागद घेतला. चहाही घेतला, नाही असं नाही. पेढ्यांची पुडी तिथंच विसरून गेले, ती मी सगळ्यांना वाटून टाकली.

पुढचं सगळ्या तालुक्याला माहीत आहे. नाना आठ-सातनं पडले. नव्या बोर्डानं यादी घेऊन एकेक हुकूम तपासला, आणि वना मास्तर मुलाच्या बारशाला टाकळीतच होता. सुनंदाचा नंबर यादीत शेवटचा, तो चैत्रात लागला. तोपर्यंत तिनं आंबेबारीला चौदा मुली शाळेत बसवल्या होत्या. त्यांच्यासाठी दुसरी बाई मिळेपर्यंत ती हललीच नाही. मग आली.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. मंडळी गेली, ओसरी रिकामी झाली. मी कपबशा गोळा करत होते. हे भिंतीला टेकून बसले होते, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"अगं," म्हणाले, "मी घेतला असता."

"काय?"

"तो कागद. अठरा वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो, की कुणाच्या मेहेरबानीवर राहू नका. आणि आज सगळ्यांच्या देखत मी तो घेतला असता. मला सुनंदा पाहिजे होती."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तुमचा हात उठलेला बघितला, म्हणून तर बाहेर आले."

"आणि तुला? तुला नको होती?"

झालं. हे विचारायला नको होतं यांनी. चार दिवस अबोला धरला तेव्हा आलं नाही, पुलावर उभी होते तेव्हा आलं नाही, ते सगळं एकदम आलं. कपबशा खाली ठेवून मी जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. हे उठून माझ्याजवळ येऊन बसले. संघाचे अध्यक्ष, बोर्डाचे मेंबर, पण बायको रडायला लागली तशी नुसते खिसे चाचपले, रुमाल सापडेना. शेवटी गुडघ्यावरची टोपी उचलून माझ्यापुढं केली. मी तिनंच डोळे पुसले.